गोव्याच्या दमट हवेत छोटी रीफ टाकी: एलईडी, पंखा आणि चिलर अकरा महिने वापरून

गेल्या नोव्हेंबरात फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ही रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावली. 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटर. खडक-वाळूची जागा सोडली तर पाणी 80 लिटरच्या आसपास. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर तापणारा स्लॅब. आत दोन क्लाउनफिश, आणि दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ: झोआंथिड, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर. कठीण प्रवाळ घेतले नाहीत, कारण ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ग्रँड आयलंडजवळ बुडी मारून तुकडा आणून देतो म्हणणाऱ्या ओळखीच्याला मी तिथल्या तिथे नको म्हणून सांगितलं. खडकसुद्धा सिरॅमिकचे आहेत.

दिवा 90 वॉटचा एलईडी, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा. तो घेण्याचं मुख्य कारण उष्णता. एलईडीही तापतो, पण त्याची बरीचशी उष्णता पाठीमागच्या ॲल्युमिनियममधून वर हवेत जाते. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यासारखी थेट पाण्यावर पडत नाही. पहिल्या आठवड्यात मी दोन्ही रंग 70 टक्क्यांवर ठेवले आणि मश्रूम आक्रसून फिके पडले. मग 30 वर आणून दर आठवड्याला पाच टक्के वाढवत गेले. आज निळा 55, पांढरा 15. प्रकाश मोजायचा मीटर माझ्याकडे नाही, प्रवाळ बघूनच ठरवते: झोआंथिड उंच ताणून दांड्या काढायला लागले की प्रकाश कमी पडतोय, दिवसभर मिटलेले किंवा खडकाला चिकटून बसले तर जास्त होतोय.

आता पंख्याविषयी, कारण सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मला इथेच मिळाला. पुण्याच्या मैत्रिणीकडे क्लिपच्या पंख्याने टाकी चार अंश उतरते. माझ्याकडे जानेवारीत तीन उतरायची, मे महिन्यात जेमतेम एक. पंखा पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने: एक लिटर पाणी उडालं तर ते 80 लिटरमधून साधारण सात अंशांइतकी उष्णता घेऊन जातं (खोलीतून ती परत येत राहते, हे वेगळं). पण हवा आधीच ओलीचिंब असेल तर पाणी उडणार कुठे? 32 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर पंख्याने पाणी 28 च्या खाली जाऊच शकत नाही, मग पंखा कितीही मोठा लावा. शिवाय उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. जानेवारीत रोज दीड लिटर आरओचं पाणी भरावं लागायचं. एक दिवस चुकला की क्षारता वर.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टाकी 30.8 ला गेली. टोडस्टूलने तीन दिवस तोंड मिटलं, मश्रूम पुन्हा फिके. तेव्हा मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: पाणी तापलेलं असताना तोच रोजचा प्रकाश प्रवाळाला जड जातो. उष्णतेने प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाची प्रकाश पचवायची ताकद घटते, आणि मग प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. म्हणून त्या दिवसांत मी प्रकाश एक तृतीयांशाने उतरवला आणि वेळही बदलली. पूर्वी दिवे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे स्लॅब तापलेला असतानाच. आता दुपारी तीन ते रात्री अकरा. एवढ्याने दुपारचा आकडा पाऊण अंश खाली आला. टाकीवरची झाकणाची काच काढून जाळी टाकली, जुना पंप बदलून कमी वॉटचा घेतला, कारण पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो त्यातली जवळजवळ सगळी शेवटी पाण्याची उष्णता होते.

तरी शेवटी जूनआधी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतलाच, एक दशांश अश्वशक्तीचा, कॉम्प्रेसरवाला. महाग आहे, आवाजही करतो. तो टाकीशेजारी ठेवू नका: पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच फेकतो. माझा गॅलरीत आहे, नळ्या खिडकीतून. 26.5 वर लावलाय. त्याचा आकडा मात्र तसाच खरा मानू नका. मी त्याचा थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून पाहिला तर तो 1.2 अंश जास्त दाखवत होता.

चवथीला आम्ही पाच दिवस पेडण्याला मूळ घरी होतो. शेजारच्या काकी रोज सकाळी एकदा पाहून जायच्या. एका रात्री चार तास वीज नव्हती, बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू झाला. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे तो पंप मला इथे चिलरइतकाच गरजेचा वाटतो. परतल्यावर पाणी 26.8, टोडस्टूल उघडा.

तक्रार एकच. पावसाळ्यात दिव्याच्या आतल्या छोट्या पंख्याला खारट ओलीने गंज चढला आणि ऑगस्टमध्ये तो घरघरायला लागला. विक्रेत्याने हमीत बसत नाही म्हणून हात वर केले. पणजीत त्याच मापाचा पंखा मिळाला, स्क्रू चार, काम वीस मिनिटांचं. आता दर पंधरवड्याला दिवा उतरवून ओल्या फडक्याने मीठ पुसते, आणि चिलरची जाळीही त्याच दिवशी.