विटेची भिंत, एएसी ब्लॉक की चिरा?

प्लॉट घेतला, नकाशा पास झाला, की गवंड्याचा पहिला प्रश्न येतो: भिंत कशाची? बहुतेक घरांत उत्तर शेजाऱ्याने काय केलं त्यावरून ठरतं. त्या भिंतींच्या आत पुढची चाळीस-पन्नास वर्षं झोपायचं आहे, म्हणून हा प्रश्न सावकाश सोडवावा असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात अकोला-नागपूरकडे कुणाच्या घरी मुक्काम असेल तर रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, अंगणात थोडा वाराही सुटलेला असतो, पण भिंत ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखी लागते. पलंग तिच्यापासून हातभर लांब ओढलेला असतो तो याचसाठी. नऊ इंची विटेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि पाच-सात तासांनी ते खोलीत सोडते. विटेचा गुण हाच आणि दोषही हाच.

पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात उन्हाळ्यातसुद्धा बऱ्याच रात्री पारा उतरतो. तिथे संध्याकाळनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की पहाटेपर्यंत भिंत निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच गारवा परत देते. विदर्भात मात्र ऐन मे महिन्यात रात्रीही पारा तिशीच्या आसपास घुटमळतो. कालची उष्णता बाहेर पडण्याआधी आजचं ऊन येऊन आदळतं. म्हणजे पुण्याच्या नातेवाइकाचा ‘आमचं विटेचं घर किती गार’ हा अनुभव खरा असतो, पण तो चंद्रपूरला लागू पडत नाही.

विटेतच एक हुशार पर्याय आहे, रॅट-ट्रॅप बाँड. केरळात वास्तुतज्ज्ञ लॉरी बेकर यांनी तो हयातभर वापरला आणि शिकवला. वीट आडवी न ठेवता तीन इंची कडेवर उभी लावायची. भिंत नऊ इंचांचीच राहते, मध्ये तीन इंचांची पोकळी सुटते. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, वाळू-सिमेंटचा मसालाही वाचतो आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला अडतं. आपल्याकडची अडचण विटेची आहे. भट्टीच्या विटा अनेकदा वाकड्या आणि कमी-जास्त मापाच्या निघतात, आणि या रचनेत वाकडी वीट खपत नाही. गवंड्याने हे काम कधी केलं नसेल तर आधी कंपाउंडची भिंत तशी बांधून घ्या. तिथे हात बसला तर घराचं काम द्या, नाहीतर आग्रह सोडा.

विटेचं एक देणं आपल्या बिलात दिसत नाही. तिच्यासाठी शेताची वरची कसदार माती जाते आणि भट्टीत कोळसा जळतो. औष्णिक वीज केंद्राच्या आसपास राहत असाल, म्हणजे कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी किंवा नाशिकजवळचं एकलहरे, तर राखेची वीट जरूर बघा. ती भाजावी लागत नाही, कडा सरळ असतात. उष्णतेच्या बाबतीत मात्र ती लाल विटेच्या फार पुढे नाही.

आता एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉक, ज्याला साइटवर नुसतं ‘ब्लॉक’ किंवा ‘सिपोरेक्स’ म्हणतात. राख, सिमेंट, चुना, जिप्सम आणि थोडीशी ॲल्युमिनियमची पूड यांचा लगदा करतात. पुडीमुळे वायूचे बुडबुडे सुटतात, लगदा पावासारखा फुगतो, मग तो कापून दाबाच्या वाफेत शिजवतात. त्या बुडबुड्यांमुळे ब्लॉक इतका हलका होतो की पाण्यात टाकला तर तरंगतो. वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश. आठ इंची ब्लॉकच्या भिंतीतून आत येणारी उष्णता नऊ इंची विटेच्या भिंतीच्या सुमारे ४० टक्केच असते. एसी लावणार असाल तर हा फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतीला मी डोळे झाकून ब्लॉक सुचवेन.

पण ब्लॉकला विटेसारखं वागवलं की तो बिघडतो. ओळखीच्या एका नव्या घरात दुसऱ्याच वर्षी बीमच्या खाली खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताने आखावी तशी बारीक चीर पडली. गिलावा फोडला तर आत जाळी नव्हती, आणि सांध्यात अर्धा इंच वाळू-सिमेंट थापलेलं. ब्लॉकचा सांधा तीन-चार मिलिमीटरचा लागतो, तो ब्लॉक जोडायच्या खास अॅडेसिव्हने भरायचा. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकायची. ब्लॉक विटेसारखे पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत. गीझर, स्वयंपाकघरातली कपाटं, टीव्ही यांना साधा स्क्रू चालत नाही, लांब फास्टनर लागतात. हे सगळं कामाच्या करारात लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं गिलाव्याखाली गाडलं जातं.

दर विचारताना एक गल्लत सगळेच करतात. वीट नगावर मिळते, ब्लॉकही नगावर मिळतो, आणि ब्लॉकचा आकडा ऐकून माणूस दचकतो. आठ इंची मोठा ब्लॉक मापाने डझनभराहून जास्त विटांएवढा असतो. भिंतीचा चौरस फुटाचा दर विचारा, मसाला, मजुरी आणि गिलावा धरून. मगच तुलना खरी होते.

कोकणात आणि गोव्यात हा सगळा हिशेब बदलतो. दिवस-रात्रीच्या तापमानात तिथे फारसा फरक नसतो, त्यामुळे भिंत किती ऊन साठवते यापेक्षा वारा आरपार जातो का आणि झडीचं पाणी भिंतीवर येतं का, हे महत्त्वाचं. तिथे जांभा दगडाचा कापलेला ठोकळा, म्हणजे चिरा, आपल्या घरचाच. खाणीतून कापताना तो मऊ असतो, उघड्यावर हवा खाऊन टणक होतो. भाजावा लागत नाही. नीट कापलेला असेल तर बाहेरून गिलाव्याचीही गरज नाही, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) चांगल्या भरल्या की पुरतं. सच्छिद्र असल्याने तो पाणी मात्र ओढतो. पागोळ्या भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडतील असं छप्पर बाहेर काढा आणि पावसाच्या बाजूला पडवी ठेवा. चिऱ्याचं घर ओल धरतं ही तक्रार बहुतेकदा पाखं आखूड ठेवलेल्या घरांची असते. आणि चिरा परवाना असलेल्या खाणीचाच घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, ती खाणीत गेली तर कुणालाच परत आणता येणार नाहीत.

हाच चिरा दिसायला छान म्हणून ट्रक भरून घाटावर नेतात. कोल्हापूरच्या आजरा-चंदगडकडे किंवा महाबळेश्वरच्या पठारावर जांभा तिथलाच आहे. पुण्या-सोलापुरात मात्र जाळलेल्या डिझेलात त्याचा न भाजण्याचा फायदा वाहून जातो.

भिंतीवर एवढं बोललो, पण एक मजली घरात खरं ऊन डोक्यावरून येतं. शून्य सावलीचा दिवस आठवा: पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर जेमतेम ऊन पडतं, आणि स्लॅब सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजतो. उघडा पाच इंची स्लॅब उष्णता अडवण्यात विटेच्या भिंतीपेक्षाही कच्चा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली काढलेल्या ‘इको निवास संहिते’त छपराचं यू-मूल्य (किती उष्णता आत शिरते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) जास्तीत जास्त १.२ ठेवलं होतं. उघड्या स्लॅबचं ते साडेतीनच्या आसपास जातं. २०१८ची ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, पण मोजपट्टी म्हणून लहान घरालाही वापरता येते. सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या माळवदावर लाकडावर मातीचा जाड थर असायचा. छपराला जाडी लागते हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून बजेट तोकडं असेल तर साध्या विटेवर समाधान माना आणि उरलेले पैसे स्लॅबवर घाला. सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग. तो दर एक-दोन वर्षांनी परत मारावा लागतो. टिकाऊ हवं तर कोब्यात उष्णतारोधक शीट घालून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चिनी मोझॅक. सोलर बसवणारच असाल तर पॅनल स्लॅबपासून थोडे उंच घ्या, खालून हवा खेळते आणि सावली फुकट मिळते. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा जाते, आणि फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे.

मला अकोल्यात बांधायचं असतं तर कॉलम-बीमचा सांगाडा, पूर्व-पश्चिमेला ब्लॉक, बाकी दोन बाजूंना वीट आणि पांढरं मोझॅक घेतलं असतं. पुण्यात सगळी वीट, गवंडी तयार असेल तर रॅट-ट्रॅप. रत्नागिरीत चिरा आणि वर कौलं. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा या तिन्ही गावांत, तो उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि डिसेंबरात आत येऊ देतो. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, उतरतं ऊन त्याच्या खालून शिरतं. तिथे झाडच हवं. जोत्याचं काम सुरू झालं की पाण्याची सोय साइटवर येते. त्याच आठवड्यात पश्चिमेला, भिंतीपासून बारा-पंधरा फुटांवर कडुनिंबाचं रोप लावा, आणि भिंतीला पाणी मारणाऱ्या माणसाला रोज एक बादली त्यालाही घालायला सांगा.