पणजोबांची बोट आणि लंडनचे कागद: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम केलेला आपला कोणी पूर्वज शोधायचा असेल, तर माणूस शोधू नका, बोट शोधा. माणसाच्या नावाने शोधणारे बहुतेक जण पहिल्या महिन्यात कंटाळून सोडून देतात.

माझ्या आईचे आजोबा दाभोळचे. आजोळी त्यांना सगळे तांडेल आजोबाच म्हणायचे. मुंबईहून सुटणाऱ्या मालबोटींवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. डेकवर रत्नागिरीकडची माणसं, सलूनमध्ये गोव्याची, इंजिनात बरेचदा पंजाब-सरहद्दीकडची, अशी तेव्हा मुंबईच्या बोटींवर ठरलेली वाटणी असे. तांडेल म्हणजे सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखालचा माणूस. युद्धाबद्दल घरात एकच वाक्य उरलं होतं: ‘बंदरात होतो, पण जमिनीला पाय नाही.’ कुठलं बंदर, कधी, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही.

पुण्यात जुने कागद म्हटलं की लोक पेशवे दफ्तराचा रस्ता दाखवतात. मलाही दोघातिघांनी दाखवला. तिथे १९४२ च्या मालबोटी कशा असणार? दुसरा सल्ला खडकीच्या युद्ध दफनभूमीचा. जागा सुंदर राखलेली आहे, जरूर जाऊन या, पण समुद्रात मृत्यू पावलेल्या हिंदी खलाशांची नावं तिथे नसतात. ती मुंबईच्या आणि चितगावच्या स्मारकात, म्हणजे स्मृतिवहीत आहेत. मुंबईची प्रत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. दोन्हीकडे तीच यादी, सहा हजारांहून अधिक नावांची, आणि त्यात बहुतांश व्यापारी जहाजांवरचे लोक. पूर्वज युद्धात दगावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. फुकट आहे. नावापुढे बोटीचं नाव मिळतं आणि खरी चावी तीच. ‘तिलावा’चंच बघा. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ही बोट २३ तारखेला जपानी पाणबुडीने बुडवली, ९५८ जणांपैकी २८० गेले. या यादीत तिचे खलाशी सापडतात. यू-बोटींनी, म्हणजे जर्मन पाणबुड्यांनी, बुडवलेल्या जहाजांचं जे प्रसिद्ध संकेतस्थळ आहे त्यावर मात्र ‘तिलावा’ दिसत नाही, कारण पाणबुडी जपानी. तिथे नाव नाही म्हणून बोट बुडालीच नव्हती, असं धरून चालू नका.

आमचे आजोबा परत आले होते, त्यामुळे ही यादी कामाची नव्हती. आमच्याकडे होतं ते मामाच्या ट्रंकेतलं सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोकऱ्यांच्या नोंदीचं, पुस्तक. प्रत्येक नोकरीचा एक शिक्का: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, कुठे चढले, कुठे उतरले. तीन शिक्के वाचता येत होते, बाकीच्यांवर पाण्याचे डाग. पुस्तक टेबलावर आडवं ठेवून मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने, कागदाला जवळजवळ टेकवून मारला, तेव्हा शिक्क्याचा दाब उठून दिसला आणि एका पुसट बोटीचा क्रमांक सापडला. सरळ प्रकाशात तो अजिबात दिसत नाही.

हा क्रमांकच सगळ्याचं मूळ. ब्रिटिश नोंदणीतल्या प्रत्येक जहाजाला एक क्रमांक मिळायचा. पुढे मालक बदलला, नाव बदललं, तरी क्रमांक तोच. एकाच नावाची तीन-तीन जहाजं असतात, तेव्हा तो नसेल तर हाल. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट नावाचं एक संकेतस्थळ आहे, ब्रिटिश हौशी मंडळींनी चालवलेलं. तिथे नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नाव, दोन्ही फुकट. दिसायला जुनाट, पण माझ्या वापरात याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही निघालं नाही.

आता मुख्य साधन, लंडनमधल्या क्यू इथलं ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग. त्यातल्या दोन मालिका आपल्या कामाच्या. बीटी ३८९ म्हणजे जहाजांच्या हालचालींची कार्डं. १९३९ ते १९४६ मध्ये बोट कधी कुठल्या बंदरात होती, याच्या हाताने लिहिलेल्या ओळी. ही स्कॅन झालेली आहेत, घरबसल्या उतरवून घेता येतात. बंदरांची नावं तोडून लिहिलेली असतात, अक्षर कारकुनी, पण दोन संध्याकाळी घातल्या की डोळा बसतो.

आमच्या बोटीचं कार्ड उघडलं आणि घरातलं ते वाक्य उलगडलं. मुंबई, डर्बन, केप टाउन, फ्रीटाउन, लिव्हरपूल. १९४० च्या मध्यापासून १९४३ पर्यंत भूमध्य समुद्राची वाट व्यापारी जहाजांना जवळजवळ बंद होती, त्यामुळे मुंबईहून विलायतेला जायचं म्हणजे सगळ्या आफ्रिकेला वळसा. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला ताफा, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र निघणारी जहाजं, जमेपर्यंत बोटींनी नांगर टाकून थांबायचं. किनारा समोर, उतरायला परवानगी नाही. ताफ्यांची माहिती कॉन्व्हॉयवेब या संकेतस्थळावर आहे. तिथे बोटीचं नाव घातलं की ती कुठल्या ताफ्यात, कुठल्या तारखेला निघाली हे समजतं. मी कार्ड आणि ताफा शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, मग ते खरंच सांगत होते की!’ इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांची गोष्ट फुशारकीत जमा केली होती.

दुसरी मालिका बीटी ३८१. खलाशांचे करार, हजेरीपट आणि जहाजाची सरकारी रोजनिशी. ही स्कॅन झालेली नाही. स्वतः क्यूला जायचं, नाहीतर नकलांसाठी मागणी नोंदवायची. ते आधी कागद तपासून पानं आणि दर कळवतात, मग नकलांचे पैसे भरायचे, मग स्कॅन येतात. पौंडातला आकडा बघून पोटात गोळा येतो, हे सांगायलाच हवं. कागद बोटीच्या क्रमांकाने लावलेले आहेत, म्हणून इथे नावाने शोधून हाती काही लागत नाही. एका बोटीचं एक वर्ष मागवा. सगळं युद्ध एकदम मागवण्याचा मोह आवरा.

आलेल्या पानांवर दाभोळचे दोन जण निघाले, एकाच नावाचे. वयात फरक थोडका, आणि त्या काळच्या खलाशाचं वय तरी कोण नक्की सांगणार. सहीच्या रकान्यात ओळीने अंगठे, निळ्या शाईत, काही इतके फासलेले की नुसता डाग. मधेच एका ओळीत मोडीतली सही. ट्रंकेत आजोबांचं एक मोडी पत्र होतंच, पण आम्हाला घरात कुणालाच ते वाचता येत नव्हतं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गाला जाऊन आलेल्या शेजारच्या काकूंनी पत्र आणि यादी शेजारी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘शेवटची वेलांटी बघ, हात एकच आहे.’ पत्रात युद्धाचा शब्द नाही. पैसे मिळाले का, आणि कौलं बदलून घ्या, बस्स.

त्याच कागदांत पगाराचा रकाना आहे. आशियाई खलाशांचा करार वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा, म्हणून दोन्ही पानं समोर असतील तर तुलना आपोआप होते. हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाच्या आसपास पैसे मिळत. पाणबुडीचा धोका मात्र दोघांना सारखाच. युद्ध सुरू झाल्या झाल्या, १९३९ मध्येच, हिंदी खलाशांनी ठिकठिकाणी संप केले, कित्येक जण तुरुंगात गेले आणि पगार थोडे वाढले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे कधी वाचल्याचं आठवत नाही.

काय उपयोगाचं नाही तेही सांगते. एका मोठ्या वंशावळ कंपनीची वर्षाची वर्गणी भरली. ‘तुमच्या पूर्वजाची नोंद सापडली’ अशा ईमेल येत राहिल्या, आणि दर वेळी निघाला यॉर्कशायरचा कुणीतरी. वर्गणी थांबवायला भरण्यापेक्षा जास्त वेळ गेला. युद्धपदकांची बीटी ३९५ ही यादी नावाने शोधता येते, पण ती ज्यांनी पदकासाठी अर्ज केला त्यांची. आपल्याकडच्या खलाशांपैकी अर्ज करणारे किती असणार? तिथे नाव नाही याचा अर्थ सेवा नाही, असा लावू नका. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ फुकट आहे आणि खलाशांच्या भरतीवरच्या, नुकसानभरपाईवरच्या सरकारी फायली वाचायला छान आहे. आमच्या घरातलं माणूस त्यात नाही, पण माणसाभोवतीचा काळ आहे.

गावांच्या नावांसाठी दोन-चार स्पेलिंगं तयार ठेवा. दाभोळचं डाबुल, हर्णैचं हर्नी असं काहीही लिहिलेलं असतं. घरात सीडीसी नसेल तर जुनी मनीऑर्डरची पावती, कंपनीचं पत्र, बोटीसमोर काढलेला फोटो, जे असेल ते बघा. बोटीचं नाव कुठेच नसेल तर खर्चात पडू नका, आधी गावात विचारून या. एकाच बोटीवर गावातली चार-पाच माणसं असायची, आणि कुणाच्या तरी घरात ते पुस्तक जपलेलं असतं.

पदकासाठी आता अर्ज करायचा का, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मामाला करायचा आहे. आईचं म्हणणं, पदक राहू दे, पगारातला फरक मागा. मी मात्र दुसऱ्या बोटीचं १९४३ चं वर्ष मागवलं आहे, दराचं पत्र अजून यायचं आहे.