स्मार्ट थर्मोस्टॅट: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यावर पैसे वसूल झाले का?

स्मार्ट थर्मोस्टॅट (घराचं तापमान राखणारं, फोनवरून चालवता येणारं भिंतीवरचं यंत्र) घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: घरातला साधा थर्मोस्टॅट तुम्ही झोपताना आणि बाहेर पडताना हाताने कमी-जास्त करता का? उत्तर ‘हो, न चुकता’ असेल तर पैसे खिशातच ठेवा. ‘आठवलं तर’ असेल तर पुढे वाचा. आमचं घर या दुसऱ्या गटातलं. हिवाळ्यात बहुतेक दिवस सगळे सकाळी बाहेर पडायचे आणि रिकामं घर दिवसभर २१ अंशांवर तापत बसायचं.

आमची व्यवस्था अशी: गॅसवरचा फर्नेस, म्हणजे हवा तापवून डक्टमधून (हवेच्या नळांतून) घरभर पाठवणारी भट्टी, त्याच डक्टमधून उन्हाळ्यात थंड हवा, आणि दोन मजल्यांना मिळून पॅसेजमध्ये एकच थर्मोस्टॅट. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते या वर्गातल्या बहुतेक यंत्रांना लागू पडतं. सगळ्यात महाग मॉडेल आम्ही घेतलं नाही. काचेची तबकडी आणि मोठा रंगीत पडदा याने एक युनिटही वाचत नाही, आणि बसवून झाल्यावर भिंतीकडे कुणी बघतही नाही. सगळं काम ॲपवरूनच होतं.

आधी बचतीचं बोलू, कारण खोक्यावर तेच सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत-लेबल योजनेच्या म्हणण्यानुसार अशा थर्मोस्टॅटमुळे सरासरी ८ टक्के वाचतात. नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये स्वतःच्या ग्राहकांच्या बिलांवरून काढलेला आकडा जास्त होता: हीटिंगमध्ये १० ते १२ टक्के, कूलिंगमध्ये १५ टक्के. दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. हे टक्के पूर्ण बिलाचे नसतात. फ्रीज, दिवे, गरम पाणी, स्वयंपाक सगळं वगळून फक्त घर गरम-गार करण्याच्या खर्चाचे असतात. आणि तुलना कशाशी, हे त्याहून महत्त्वाचं. एनर्जी स्टारच्या हिशेबात तुम्हाला आवडणारं तापमान चोवीस तास तसंच ठेवलं असतं तर किती खर्च झाला असता, ते धरून त्यातून बचत काढतात. म्हणजे जो माणूस आधीपासून रात्री हीटिंग कमी करतो, त्याची बरीचशी बचत खरेदीच्या आधीच होऊन गेलेली असते.

मग आमचं किती वाचलं? नुसती दोन हिवाळ्यांची बिलं शेजारी ठेवून हे कळत नाही, कारण थंडी दर वर्षी सारखी नसते. गेल्या वर्षी कडाका जास्त आणि यंदा कमी असेल तर बिल आपोआप उतरतं आणि श्रेय थर्मोस्टॅट घेऊन जातो. त्यासाठी ‘डिग्री डे’ वापरतात. १८ अंश हा आधार धरायचा. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान ८ असेल तर त्या दिवसाचे १० डिग्री डे. महिन्याची बेरीज करायची आणि जळलेल्या गॅसला तिने भागायचं. हे आकडे हवामानाच्या नोंदींवरून मिळतात, एका साध्या तक्त्यात काम होतं. असा हिशेब केल्यावर आमची हीटिंगमधली बचत एक आकडी टक्क्यांत आली. खोक्यावरच्या दाव्यापेक्षा कमी, पण पुसून टाकण्याइतकी कमी नाही. उन्हाळ्यात मात्र फारसा फरक दिसला नाही, कारण सुट्टीत मुलं घरी आणि घर कधी रिकामंच नाही. यंत्राला वाचवायला जागाच उरली नव्हती.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘घर गार होऊ दिलं की परत तापवायला जास्तच जळतं’. साध्या फर्नेसच्या बाबतीत हे खरं नाही. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. घर जितका वेळ कमी तापमानाला राहील तितकी गळती कमी, आणि संध्याकाळी पुन्हा तापवायला लागतं ते या वाचलेल्यापेक्षा जास्त नसतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सांगणं असं की रोज आठ तास ७ ते १० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते साडेपाच सेल्सिअस, खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतात. आणि हो, ते कोणत्याही थर्मोस्टॅटने. त्याला स्मार्ट असण्याची गरज नाही.

मग साधा प्रोग्रॅमेबल, म्हणजे वेळापत्रक भरून ठेवायचा थर्मोस्टॅट, का नको? तो बराच स्वस्त मिळतो आणि कागदावर तेच काम करतो. गोम अशी की लोक तो प्रोग्रॅम करतच नाहीत. एनर्जी स्टारने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना दिलेलं लेबल २००९ च्या अखेरीस काढून घेतलं, कारण प्रत्यक्ष घरांत बचत होते हे ठामपणे दिसेना. इवल्याशा बटणांवर आठवड्याचं वेळापत्रक भरायचा कंटाळा, मग ‘होल्ड’ (वेळापत्रक बाजूला ठेवून एकच तापमान धरून ठेवणारं बटण) दाबून विषय मिटवायचा. आमच्याही घरी आधी असाच एक होता आणि त्यावरची ‘होल्ड’ची खूण कायमची वस्तीला आली होती. स्मार्ट थर्मोस्टॅटचे जास्तीचे पैसे खरं तर या कंटाळ्यावरच्या उताऱ्याचे आहेत. फोनवर वेळापत्रक भरायला पाच मिनिटं पुरतात, आणि सगळे फोन घरापासून लांब गेले की तो स्वतःच तापमान खाली आणतो.

आता ‘शिकणं’. तुमच्या सवयी बघून आपणच वेळापत्रक बनवणारा, अशी याची जाहिरात असते. आमच्याकडे हे चाललं नाही. चार माणसं चार वेळा तापमान बदलणार, त्यातून ते शिकणार काय? एका शनिवारी पाहुणे होते म्हणून उशिरापर्यंत हीटिंग चालू ठेवलं, तर पुढच्या शनिवारी मध्यरात्री घर आपोआप तापायला लागलं. ते फीचर मी बंद करून टाकलं आणि हाताने वेळापत्रक भरलं. तेव्हापासून शांतता आहे. एकटा राहणारा, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस असेल तर त्याचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

घरात कुणी आहे की नाही हे ओळखण्याचा प्रकार तर वेगळाच. थर्मोस्टॅटमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर असतो, पण त्याला दिसतो फक्त पॅसेज. सासूबाई ज्या दिवशी घरी असतात, त्या दुपारी आपल्या खोलीत वाचत बसतात. त्या फोन जवळ ठेवत नाहीत, आणि पॅसेजमध्ये हालचाल नाही म्हणून यंत्राने घर रिकामं ठरवलं. संध्याकाळी आल्या आल्या मला ऐकवलं, “अगं, तुझं ते यंत्र मला घरात धरतच नाही वाटतं! दुपारभर शाल पांघरून बसलेय.” यावर उपाय आहे, तो म्हणजे खोलीत ठेवायचा वेगळा छोटा सेन्सर. काही मॉडेलांबरोबर तो येतो, काहींना जास्तीचे पैसे मोजून घ्यावा लागतो. कुठल्या वेळी कुठल्या खोलीचं तापमान प्रमाण मानायचं, हेही त्याने ठरवता येतं. दिवसा त्यांची खोली, रात्री वरची झोपायची खोली. माझ्या मते दुमजली घरात हा सेन्सर नसेल तर स्मार्ट थर्मोस्टॅटचा अर्धा उपयोग वायाच जातो. पण एक समजून घ्या: फर्नेस एकच आहे, डक्ट तेच आहेत. वरची खोली हवी तशी झाली तर खालची थोडी कमी-जास्त होणारच. सेन्सर कुठली खोली सुखात ठेवायची ते निवडतो, सगळ्या खोल्या सारख्या करत नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात, पण हे खरेदीच्या आधी बघायचं आहे. मेन ब्रेकर बंद करून जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढा आणि तारांचा फोटो घ्या. केंद्रीय व्यवस्थेत त्या बारीक, २४ व्होल्टच्या असतात. ‘आर’ म्हणजे पुरवठा, ‘डब्ल्यू’ हीटिंग, ‘वाय’ कूलिंग, ‘जी’ पंखा. रंगांवर विसंबू नका, टर्मिनलवरचं अक्षर बघा. बसवणाऱ्याने हाताला येईल तो रंग लावलेला असू शकतो. खरा प्रश्न थर्मोस्टॅटला सतत वीज मिळू देणाऱ्या ‘सी’ तारेचा. जुन्या थर्मोस्टॅटना वीज जवळपास लागतच नसे म्हणून ही तार बऱ्याच घरांत जोडलेलीच नसते. वायफाय आणि पडदा चालवायला मात्र सतत वीज हवी. ती तार नसेल तर काही यंत्रं बाकीच्या तारांतून थोडी थोडी वीज ओढून आपली बॅटरी भरतात. काही फर्नेसना ते चालतं, काहींत रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) टकटक करायला लागतो. आमच्याकडे भिंतीतल्या भोकात एक निळी तार गुंडाळून कोंबलेली सापडली, ती फर्नेसच्या बोर्डावर ‘सी’ला जोडली आणि प्रश्न मिटला. तारा जाड असतील, थेट मेन लाइनवरच्या हीटरला जाणाऱ्या असतील, तर मात्र हात लावू नका. त्यावर हे यंत्र चालतच नाही, धोका आहे तो वेगळाच. आणि ते भोक बुजवा. भिंतीतून येणारी गार हवा थेट सेन्सरवर लागते आणि तापमान चुकीचं दाखवलं जातं.

हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर आत ओढून घर तापवणारं यंत्र) असणाऱ्यांना मात्र वेगळा हिशेब. तिथे तापमान बरंच खाली आणून एकदम वर चढवलं की पंपाला वेळ लागतो आणि मदतीला विजेची कॉइल सुरू होते. ती पंपापेक्षा कितीतरी जास्त वीज खाते, म्हणजे रात्रभर वाचवलेलं सकाळी तासाभरात जाऊ शकतं. फरक एक-दोन अंशांचाच ठेवा आणि सेटिंगमध्ये ही जोडमदत बाहेरच्या कुठल्या तापमानाखाली सुरू करायची ते तपासा. फरशीखालून तापणाऱ्या घरांत तर यंत्राचं डोकं चालायला वावच कमी. फरशी तापायला आणि निवायला तासन्‌तास लागतात.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती गोष्ट जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही: फर्नेस किती वाजता किती मिनिटं चालला याची नोंद. ऐन थंडीत एकदा आलेखातल्या सलग पट्ट्यांचे तुकडे पडायला लागले. ठरलेलं तापमान येण्याआधीच फर्नेस थांबायचा, थोड्या वेळाने परत पेटायचा, परत थांबायचा. घरात फार जाणवत नव्हतं, कारण शेवटी तापमान गाठलं जायचंच. फिल्टर काढून बघितला तर त्यावर करड्या धुळीचा नमदा बसला होता. हवा पुरेशी खेचली जात नाही, आतला भाग जास्त तापतो आणि सुरक्षेचा स्विच आग बंद करतो. फिल्टर बदलल्यावर त्याच संध्याकाळी पट्ट्या पुन्हा सलग झाल्या. ही नोंद नसती तर हिवाळा संपेपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. यंत्र स्वतःहूनही फिल्टरची आठवण करतं, पण ती कॅलेंडरवरची असते, फिल्टरकडे बघून केलेली नसते.

कुरबुरी तीन. नेट गेलं की वेळापत्रक चालू राहतं, भिंतीवरून तापमानही बदलता येतं, पण फोनवरून काही हलत नाही. दुसरी, वीज कंपनीच्या सवलत योजना. मागणी शिगेला पोचली की कंपनी तुमचं कूलिंग दोन-चार अंश सैल करते आणि बदल्यात बिलात सूट देते. सौदा वाईट नाही, आम्हीही त्यात आहोत. पण संमती देताना वाचून घ्या. २०२१ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये अनेकांना घर तापल्यावरच कळलं होतं की आपण अशा योजनेत आहोत.

तिसरी कुरबुर आयुष्याची. हनीवेल या अमेरिकी कंपनीचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला आणि कितीतरी घरांत दशकानुदशकं चालला. २०११ साली आलेल्या पहिल्या नेस्टचं आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीचं ॲपशी नातं ऑक्टोबर २०२५ मध्ये तुटलं. भिंतीवर ते चालतात, पण फोनवरून नाही. म्हणजे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतात हे मांडताना वीस वर्षं धरू नका, दहाच धरा. वर्षाचा हीटिंग-कूलिंगचा खर्च काढा, घर रोज रिकामं राहत असेल तर त्याचे ८ टक्के, नाहीतर ३-४ टक्के धरा, आणि किमतीला त्याने भागा. आमचं उत्तर चार वर्षांच्या आत आलं, म्हणून मी खूश आहे. सवलत योजनेची सूट धरली तर त्याहूनही लवकर. आठ-नऊ वर्षं येत असतील तर मी घेतला नसता, त्या पैशांत आधी खिडक्यांच्या फटी बुजवल्या असत्या.

आणि जुना काढलेला थर्मोस्टॅट लगेच कचऱ्यात टाकू नका. नवा बिनसला तर थंडीत तोच चार दिवस काढून देईल. त्यात काचेची छोटी नळी आणि चकाकता थेंब दिसला तर तो पारा असतो. असा थर्मोस्टॅट साध्या कचऱ्यात टाकायचा नसतो, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. घर सोडून जाणार असाल तर नवा मात्र रीसेट करा. नाहीतर पुढचा भाडेकरू घरी आहे की बाहेर, हे तुमच्या फोनवर दिसत राहील.