पांढऱ्या मातीची भिंत आणि टीव्हीवरचं गोल चक्र: आर्चर सी६ची पारख

यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या खेड्यातलं जुनं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर कवेलू नाहीतर टिनं, आणि एकामागे एक खोल्या: छपरी, बैठक, माजघर, सयपाकघर. फायबरवाला रस्त्याच्या बाजूने वायर घेतो, छपरीतच खिळा ठोकून मोडेम टांगतो आणि निघून जातो. टीव्ही असतो माजघरात. मधात दोन भिंती. प्लॅन १०० एमबीपीएसचा, आणि मालिका ऐन रंगात आली की पडद्यावर गोल चक्र.

तालुक्याच्या दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: जास्त ॲन्टेनावाला घेऊन जा. टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा राउटर असाच चार ॲन्टेनांचा डबा आहे आणि दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. या घरांसाठी तो चांगलाच आहे, पण मोडेमच्या शेजारी ठेवायला नाही. तो भिंतीच्या पलीकडे, तारेच्या टोकाला लावायचा. छपरीत ठेवला तर पैसे पाण्यात. राउटरने कितीही जोरात हाक मारली तरी टीव्हीला तितक्याच जाड भिंतीतून उलट उत्तर द्यायचं असतं, आणि टीव्हीच्या आतला ॲन्टेना बोटभर असतो. त्यात माती ओल धरते. उन्हाळ्यात कसंबसं चालणारं वायफाय श्रावणात बंद पडतं ते यामुळे. मोडेम बिघडलेला नसतो, भिंत पाणी प्यालेली असते.

खरेदीआधी एक तपासणी करा. लॅपटॉप तारेने थेट मोडेमला जोडून वेग पाहा. एचडीला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केला ॲपनुसार १५ ते २५ लागतात. तारेवरच तेवढे मिळत नसतील तर दोष वायफायचा नाही. मोडेमवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर फायबर तुटलं आहे किंवा फार वाकलं आहे. कवेलूवरून उड्या मारणारी वांदरं लोंबती वायर ओढतात, हे कारण आपल्याकडे नेहमीचं. महिन्याच्या शेवटीच वेग पडत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली असेल. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो.

तारेवर वेग बरोबर असेल तर मोबाइलमध्ये वायफाय ॲनलायझर टाका आणि टीव्हीच्या जागी उभं राहून सिग्नल बघा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ६०, उणे ५५ असा, असेल तर टीव्ही अडणार नाही. उणे ७५च्या खाली गेला की चक्र फिरणारच. हे मोजताना दारं उघडी ठेवून एकदा आणि लावून एकदा मोजा. जुन्या वाड्यांत दारासमोर दार असतं, आणि सागवानी दार भिंतीच्या मानाने वायफायला काहीच नाही. मोडेम चार फूट सरकवून दारांच्या रांगेत आणला तर कधी कधी खर्चच वाचतो.

सरकवून भागलं नाही तर दुकानदार दोन पर्याय सुचवेल. पहिला रेंज एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा छोटा डबा. तो भिंतीच्या प्लगात खोचायचा, म्हणून मोहात पाडतो. पण स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल मेला आहे तिथेच लोक तो लावतात. तिथे तो मेलेलाच सिग्नल पुढे ढकलतो. दारांची सरळ रांग असेल आणि मधल्या खोलीत प्लग असेल तरच घ्यावा. दुसरा मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. डेको एम४सारख्या संचाचे दोन डबे बिनतारी ठेवले की दोघांच्या मधात तीच भिंत उभी राहते. तार टाकून जोडले तर उत्तम चालतात, पण तारच टाकायची असेल तर सी६ स्वस्तात तेच काम करतो. दोन मजली मोठा वाडा असेल, फोन हातात घेऊन माणसं फिरत असतील, तर मेशचा विचार जरूर करा. एका माजघरातल्या टीव्हीसाठी नको.

आता खरं काम, तार. कॅट-६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच नावाने विकतात. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा: आत पांढरं चमकलं तर ती परत द्या. ती दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तुटलेलं वरून दिसत नाही. अंतर १०० मीटरपर्यंत चालतं, घरात वीस-पंचवीस मीटरच्या वर सहसा लागत नाही. दोन मीटर जास्तीची घ्या.

भिंतीला भोक पाडायला भिंतीच्या जाडीहून लांब ड्रिल बिट लागतं. ते भाड्याने किंवा प्लंबरकडे मिळतं. मातीच्या भिंतीत हॅमर चालू करू नका, नुसतं फिरवा, नाहीतर पलीकडून परातभर पोपडा निघतो. सब्बलीने भोक पाडायला तर कोणालाच देऊ नका. भोकात पीव्हीसीचा पाइप घाला, पाऊण इंची. यामागे कारण आहे: कनेक्टर बसवलेली तार बारीक भोकातून जात नाही आणि नुसती तार मातीत ठेवली तर उंदीर आणि उधई दोघांचीही सोय होते. भिंत बाहेरची असेल तर पाइपाला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. कडा परत पांढऱ्या मातीने लिंपून पोतारल्या की भोक दिसतसुद्धा नाही.

कनेक्टरमध्ये रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधात निळी येते, इथेच चूक होते. आठही तारा कनेक्टरच्या पुढच्या टोकाला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत आणि वरचं रबरी आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर महिन्याभरात तार ढिली होते आणि दोष राउटरवर जातो.

ही तार अंगणातून किंवा छतावरून उघडी नेऊ नका. मृगाच्या विजांचा झटका तांब्यातून सरळ दोन्ही डब्यांत उतरतो. वाड्याचा एक भाग अंगणापलीकडे असेल तर फायबरवाल्याकडून मोडेमच तिकडे हलवून घ्या. काचेतून वीज वाहत नाही. मात्र त्या वायरीला ताण देणारी स्टीलची तार असते, ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायची, घरात आणायची नाही.

सी६ची मांडणी सोपी आहे. आधी त्याच्या वायफायला फोन जोडून ॲडव्हान्स्डमध्ये ऑपरेशन मोड शोधा आणि ॲक्सेस पॉइंट निवडा, म्हणजे तो मोडेमचंच नेटवर्क पुढे वाटतो, वेगळं काढत नाही. मग मोडेमच्या लॅन पोर्टातून आलेली तार त्याच्या वॅन पोर्टात घाला. राउटर मोडमध्येच ठेवला तरी टीव्ही चालतो, म्हणून चूक कळत नाही. कळते ती छपरीतल्या मोडेमवर असलेल्या फोनवरून टीव्हीवर काही टाकायला गेल्यावर: फोनला टीव्ही दिसतच नाही, कारण दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर असतात.

टीव्हीला लॅन पोर्ट असेल तर सी६च्या चारपैकी एका पोर्टातून त्याला सरळ तार द्या. बहुतेक टीव्हींचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि तो फोर-केला पुरून उरतो. टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा, आता ती एकाच खोलीत आहे. स्टिक टीव्हीच्या पाठीत दाबून बसवू नका. फायर टीव्ही स्टिकसोबत एचडीएमआयचा छोटा वाढीव तुकडा येतो, तो लावला की ती पत्र्याच्या आडून बाहेर येते. ज्या टीव्हीला २.४ गिगाहर्ट्झचाच बँड मिळतो त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. नागपूरच्या फ्लॅटमध्ये २.४वर वीस शेजारी भांडत असतात. खेड्यात तो बँड मोकळा असतो. मोडेमला चॅनल १, सी६ला ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सोय) बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, म्हणजे टीव्ही कुठे जोडला आहे ते कळतं. जुना टीव्ही पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नसेल तर सुरक्षा डब्ल्यूपीए२वर आणा.

डब्याच्या मर्यादाही आहेत. यूएसबी पोर्ट नाही, ॲन्टेना निघत नाहीत. चालण्याची तापमान मर्यादा ४० अंश दिली आहे, आणि मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त असतं. म्हणून तो माळ्यावर नको, कोनाड्यातही कोंबू नको. खांद्याच्या उंचीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट आणि धान्याची कोठी त्याच्या आणि टीव्हीच्या मधात येऊ देऊ नका.

लाइन गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो, पण त्या क्षणाच्या झटक्यात मोडेम बंद होऊन परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यावर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस हा उपाय. मोडेम आणि सी६ दोन्हींच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. काही मोडेम ९ व्होल्टचे असतात. ८,८०० एमएएच लिहिलेल्या यूपीएसमध्ये साधारण ३२ वॉट-तास असतात. दोन डबे मिळून १६ वॉट खात असतील तर यूपीएसमधली गळती धरून दीड-पावणेदोन तास निघतात, डब्यावर आठ तास छापलं असलं तरी.

एवढं सगळं करून मार्चपर्यंत झकास चाललं आणि एप्रिलमध्ये परत अडकायला लागलं तर आधी कुलर कुठे ठेवला आहे ते बघा. पत्र्याचा डबा, आत शंभर लिटर पाणी, वर ओल्या ताट्या: वायफायला याहून मोठा अडसर घरात दुसरा नाही. तो राउटर आणि टीव्हीच्या मधल्या खिडकीतून काढून बाजूच्या खिडकीत लावा.