हासळीची फिरकी मोजायची तर: दुहेरी फ्लुरोस्कोपी, फोर-डी सीटी की एमआरआय?

हात डोक्यावर नेताना हासळी, म्हणजे कॉलरबोन, तीन प्रकारे हलते. तिचं बाहेरचं टोक थोडं वर उचललं जातं, ते मागे सरतं, आणि हाड स्वतःभोवती मागच्या बाजूला वळतं. पहिल्या दोन हालचाली बहुतेक पद्धतींना जमतात. घोडं अडतं तिसऱ्यापाशी, आणि तीच सगळ्यांत मोठी: हाडात पिना बसवून केलेल्या मोजमापांत ती सुमारे ३० अंश भरते.

कातडीवरचे सेन्सर इथे कुचकामी. हाड आत वळतं, कातडी जागेवरच राहते. खवाट्यासाठी, हात साधारण १२० अंशांपर्यंत उचलेपर्यंत, ते चालवून घेता येतात, पुढे भरवसा नाही.

थोडं गणित करू. हासळीच्या मधल्या भागाची त्रिज्या जेमतेम ६ मिमी. ती ५ अंश वळली, तर पृष्ठभाग सरकतो फक्त अर्धा मिमी. चांगल्या पद्धतीची चूकही साधारण एवढीच असते. वाचवतो तो हाडाचा इंग्रजी ‘एस’सारखा बाक. दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपासून १५ मिमी दूर असलेला बिंदू तेवढ्याच वळणात १.३ मिमी सरकतो. म्हणून दोन्ही टोकांसह पूर्ण हाड चित्रात हवं, आणि ज्यावरून हाडाचं मॉडेल बनवायचं त्या मूळ सीटीचे काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत.

उभ्या माणसाची, नेहमीच्या वेगातली हालचाल हवी असेल तर दुहेरी फ्लुरोस्कोपीला तोड नाही. दोन एक्स-रे नळ्या कोनात लावून एकाच क्षणी दोन चित्रं घेतात आणि सीटीवरून बनवलेलं हाडाचं मॉडेल प्रत्येक चित्रजोडीवर बसवतात. खवाटा आणि दंडाच्या हाडासाठी अचूकता अर्ध्या मिमीच्या आसपास मिळते. हासळीला मात्र त्रास होतो. तिच्यावर बरगड्यांची सावली पडते, आतलं टोक उरोस्थी (छातीचं मधलं हाड) आणि मणक्यांत हरवतं. नळ्यांचा कोन असा शोधा की निदान एका चित्रात ते टोक मणक्यांपासून सुटं दिसेल. थायरॉइड किरणांपासून वाचवायला शिशाची पट्टी गळ्याशी बांधली की नेमकं तेच टोक झाकलं जातं. तिची जागा आधी निश्चल चित्रात तपासा. छातीची चौकट, म्हणजे हासळीची हालचाल जिच्या संदर्भात मोजायची ती, ठरवायलाही काहीतरी लागतं: उरोस्थीवर मार्कर लावा किंवा एखादी बरगडी चित्रात घ्या. शिवाय भारतात एक्स-रे यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतोच, तेव्हा नवी जोडणी करण्याआधी तो विषय निकाली काढा.

रुग्णालयातच काम उरकायचं आणि फक्त हासळीच हवी, तर फोर-डी सीटी, म्हणजे हालचाल चालू असताना एकामागून एक त्रिमितीय चित्रं घेणारा सीटी, बरा. किरण टिपणाऱ्या ३२० ओळींचं यंत्र टेबल न हलवता १६ सेमी उंची टिपतं. हासळी आडवी असल्याने तिची दोन्ही टोकं त्यात मावतात, पण खवाट्याचं खालचं टोक कापलं जाण्याची भीती असते. हात पटकन हलवला की कडा दुहेरी येतात, सावकाश हलवायला सांगितलं की किरणांची मात्रा वाढते. आणि रुग्ण झोपलेला असतो: टेबल खवाट्याला मागून रेटतं, हाताचं वजन वेगळ्या दिशेने पडतं. हे आकडे उभ्या माणसाच्या आकड्यांशी ताडू नका.

एमआरआयमध्ये किरणं नाहीत, म्हणून निरोगी तरुणांवरच्या अभ्यासाला तो पहिला पर्याय. पण हा हालचालीचा प्रवास नव्हे, एकेक थांबा: हात स्थिर धरून चित्र घ्यावं लागतं. ९० अंशांवर हात मिनिटभर धरला की तो खाली झुकू लागतो. आधार दिला तर स्नायू सैल पडतात आणि मोजायची गोष्टच बदलते. हाडावर प्लेट असेल तर आसपासचं चित्र विकृत होतं.

सोनोग्राफीत एसी सांध्यातलं (हासळी आणि खवाटा जिथे जुळतात तिथलं) अंतर दिसतं, फिरकी नाही. साध्या एक्स-रेचंही तेच. सांधा निखळलाय का हे पाहायला नळी १० ते १५ अंश डोक्याकडे कलवून घेतलेलं ‘झांका’ नावाचं एक्स-रे चित्र पुरतं.

पद्धत कोणतीही घ्या, एक सापळा सगळीकडे आहे. आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संघटनेच्या २००५च्या शिफारशीत हासळीवर दोनच खुणा आहेत, दोन टोकांना एकेक. दोन बिंदूंतून फिरकी कळत नाही, म्हणून तिसरी दिशा छातीच्या उभ्या अक्षावरून उसनी घेतली आहे. प्रत्येक फ्रेममध्ये हे अक्ष नव्याने काढले, तर फिरकी दरवेळी शून्यच येणार. अक्ष सीटी मॉडेलवर एकदाच बसवा आणि तेच हाडासोबत पुढे न्या.