लॅटेक्सची गादी: दमट हवेत दोन पावसाळ्यांनंतर

गादी ७८ बाय ६० इंचांची, ६ इंच जाड. आत डनलॉप पद्धतीचं (रबराचा चीक फेटून, साच्यात ओतून भाजलेलं) नैसर्गिक लॅटेक्स, वर चेनचं सुती कव्हर. घर किनारपट्टीवर, झोपणारी माणसं दोन, वजनं ६० आणि ८५ किलो. वापर १६ महिने.

गादी किती दबली त्याचं माप आधी. गादीवर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजली: जड बाजूला ४ मिलिमीटर, हलक्या बाजूला २. याच पलंगावर आधी रबराइज्ड काथ्याची गादी होती, तिला दीड वर्षात पाऊण इंचाचा खड्डा पडला होता. काथ्याचे धागे रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवलेले असतात. रोजच्या दाबाने ते सांधे सुटतात, धागे मोडतात आणि पलंगाखाली तपकिरी भुसा पडायला लागतो. भुसा दिसला की गादीचा कस गेला असं समजावं. लॅटेक्स एकसंध रबर, सुटायला सांधेच नाहीत.

झोपेत जाणवणारा मोठा फरक कूस बदलताना कळतो. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे मे महिन्यात कंबर आत रुतते आणि वळायला जोर लावावा लागतो. लॅटेक्स अंगाबरोबर लगेच वर येतं, आणि त्यातल्या उभ्या आरपार छिद्रांमुळे पाठ कमी तापते. मात्र कुशीवर झोपणाऱ्या हलक्या माणसाला हे लॅटेक्स खांद्याशी कडक वाटतं. ६० किलोच्या बाजूला तसंच झालं. अशांनी वरचा २ इंचांचा थर मऊ लॅटेक्सचा घ्यावा. पाठीवर झोपणाऱ्याला गरज नाही.

खरी अडचण खालून आली. सामान ठेवायचा बॉक्स पलंग, वर सलग प्लायवूड. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये गादी उचलली तर कव्हरच्या खालच्या बाजूला, बरोबर पाठीच्या जागी, काळपट बुरशी. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, थंड प्लायवर तिचं पाणी होतं आणि हवा लागत नसल्याने ते सुकत नाही. दोष लॅटेक्सचा नाही; फोमची गादी असती तरी हेच झालं असतं. उपाय असा केला: प्लायला होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) १ इंचाची भोकं, दर ८ इंचांवर, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. शिवाय दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीला उभी टेकवून दोन तास पंखा. दुसऱ्या पावसाळ्यात डाग आला नाही. नवा पलंग करून घेत असाल तर पट्ट्यांचाच करा, दोन पट्ट्यांत अडीच-तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर लॅटेक्स त्यात उतरतं.

कापसाच्या गादीची सवय असणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: लॅटेक्सला ऊन दाखवायचं नाही. कापसाला ऊन म्हणजे औषध, पण रबर उन्हाने पिवळं पडतं, वरचा थर ठिसूळ होतो आणि भुगा सुटतो. वारा हवा, तोही सावलीत.

वजन कव्हरसकट ३८ किलो. उलटवायला दोन माणसं लागतात आणि कव्हर धरून ओढलं तर शिवण उसवते, म्हणून खालून हात घालावा. रबराचा वास तीन आठवडे होता. प्लॅस्टिकसारखं जाड वॉटरप्रूफ कव्हर घातलं की हवा खेळण्याचा सगळा फायदा जातो. लहान मूल असेल तर पातळ, श्वास घेणारं प्रोटेक्टर शोधा.

विकत घेताना वजनकाटा मागा. याच मापाची ३२ घनतेची (म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो) फोमची गादी साधारण १५ किलो भरते, ८० घनतेचं लॅटेक्स ३७ च्या आसपास. दुकानदार ३२ घनता म्हणतो आणि गादी १० किलो भरते, तर फोम हलका आहे. लॅटेक्सबाबत मात्र नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण स्वस्त मालात खडू-मातीची भुकटी मिसळून वजन वाढवतात. चेन उघडून अंगठ्याने कोपरा घासा, पांढरी पूड हाताला लागली तर घेऊ नका. चेन उघडू देत नसतील तर तिथून निघा. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही. थर, त्यांची जाडी आणि घनता बिलावर लिहून घ्या.

किंमत चांगल्या फोमच्या दुपटीहून जास्त. भाड्याच्या घरात वरचेवर जागा बदलणाऱ्यांनी ३८ किलोंचा विचार करून ४० घनतेचा फोमच घ्यावा.