दम्याचा कफ सुटेना: वाफारा, सिरप की हफिंग?

गोव्यात जून उजाडला की चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, कपाटामागे बुरशी चढते आणि दमेकऱ्यांच्या छातीत कफ बसतो. मग घरातला प्रत्येकजण वेगळा उपाय सांगतो.

वाफाऱ्याबद्दल आधी. जुलैत पणजीची हवाच ओलीचिंब असते. नुसत्या ओलाव्याने हा कफ सुटला असता तर इथे कुणी खोकलंच नसतं. श्वासनळीतले सूक्ष्म रोम एरवी सेकंदाला दहाएक वेळा हलून कफ घशाकडे ढकलतात. दम्याच्या सुजेमुळे कफातली चिकट प्रथिनं वाढतात, काही धागे तर पेशींनाच धरून बसतात. तीव्र दम्याच्या काही रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये अशा गुठळ्या काही वर्षांनीही त्याच जागी दिसल्या आहेत. वाफेने नाक मोकळं होतं, एवढंच. कढत वाफेने काहींना उलट उबळ येते. लहान मुलांना तर नकोच, भाजण्याची भीती.

सिरप घेण्याआधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ब्रोमहेक्सिन किंवा अम्ब्रॉक्सॉलसोबत बऱ्याचदा टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं, म्हणजे तातडीच्या निळ्या पंपातल्याच जातीचं औषध. दोन्ही घेतलं की हात थरथरतात, छाती धडधडते. कफ पातळ करणाऱ्या औषधांचा दम्यात फायदा होतो याचे पुरावे तसे तोकडेच.

माझा कौल हफिंगला. फुकट आहे, म्हणून कदाचित कुणी शिकवत नाही. ताठ बसा, मध्यम श्वास घ्या, तोंड उघडं ठेवून पोट आवळत 'हाः' करा, चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसं, पण जोरात आणि लांब. एक-दोनदा झालं की थोडा वेळ संथ श्वास. जोराच्या खोकल्याने नळ्या दबतात, याने तेवढ्या नाही. छातीत शिट्टी वाजू लागली तर थांबा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून घेतलेलं बरं.

मात्र स्टेरॉइडचा रोजचा पंप बंद असेल तर हफिंगही वाया. सूज आणि जादा कफ मुळात तोच कमी करतो, आणि बरं वाटलं की लोक आधी तोच सोडतात! बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत जाल तेव्हा पंप सोबत न्या, डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन मात्र मनाने नको, त्याने दम्यात नळ्या आवळू शकतात.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर यातलं काहीच करत बसू नका: तातडीचा पंप घ्या आणि १०८ लावा.